ट्रक चिखलासाठीच असतो

"मॅडम, हे चालवायचं नसतं."

हे वाक्य मी गेल्या पाच-सहा वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने 'मॅडम' म्हटलं की पुढचं मीच म्हणून टाकते. म्हणणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले पुरुष. त्यांच्या घरी काचेचं कपाट, कपाटात पांढऱ्या एलईडीची पट्टी, आणि त्या उजेडात ऐंशीच्या दशकातले जपानी रेडिओ कंट्रोल ट्रक रांगेने उभे. टायरला धूळ नाही, बॉडीवर ओरखडा नाही. खोकंसुद्धा वर, पारदर्शक पिशवीत. आणि माझ्याकडे आहे १९८६चं मॉडेल असलेला 'ब्लॅकफूट', छताला तडा गेलेला, पुढचा बंपर दोनदा चिकटवलेला, ज्याला मी दर रविवारी आमच्या सोसायटीमागच्या बांधकाम रखडलेल्या प्लॉटवर नेऊन मातीत लोळवते. या मंडळींच्या मते मी वारशाची नासधूस करते. माझ्या मते नासधूस ते करतात, आणि वर त्याला जतन म्हणतात. हा लेख या भांडणाबद्दल आहे. मी पंच नाही, एका बाजूची आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. जत्रेत मिळणारी, दोन पेन्सिल सेलवर चालणारी आणि तिसऱ्या दिवशी बंद पडणारी रिमोटची गाडी डोळ्यांसमोर आणू नका. हे ट्रक साधारण खऱ्याच्या एक दशांश आकाराचे. आत ५४० नावाची, अंगठ्यापेक्षा चांगली जाड मोटार. तिला वीज पुरवायला सहा निकेल-कॅडमियम सेलचा ७.२ व्होल्टचा पॅक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते तयार मिळत नसत. खोकं उघडलं की प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले सुटे भाग, स्क्रूंच्या पिशव्या, ग्रीसची इवलीशी ट्यूब आणि एक पुस्तिका. ट्रक तुम्ही बनवायचा. गिअरबॉक्समध्ये कुठलं चाक कुठल्या चाकाला फिरवतं, हे कळल्याशिवाय तो पुढे सरकतच नसे.

हे किट बनवणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव तामिया. जपानमधल्या शिझुओका शहरातली ही कंपनी १९४६मध्ये लाकडाची वखार म्हणून सुरू झाली, हे मला फार आवडतं. त्यांची पहिली रेडिओ कंट्रोल गाडी १९७६ची, पोर्शे ९३४. त्या मॉडेलसाठी तामियाच्या लोकांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन अख्खी सुटी केली होती. म्हणजे या छंदाचा जन्मच मुळी 'आत काय आहे ते उघडून बघू' या उचापतीतून झाला. १९७९मध्ये 'सँड स्कॉर्चर' आणि 'रफ रायडर' आले आणि गाडी डांबरावरून वाळूत उतरली. १९८१ची टोयोटा हायलक्स तीन गिअरची, पाट्यांच्या स्प्रिंगांची, लोखंडी चौकटीची. १९८५चा 'ब्रूझर' तिचाच धाकटा भाऊ. मग १९८६मध्ये ब्लॅकफूट आणि 'मॉन्स्टर बीटल', आणि १९८७मध्ये 'क्लॉड बस्टर', ज्याच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर एकेक मोटार आणि चारही चाकं वळणारी.

हे महाकाय चाकांचं वेड आलं अमेरिकेतून. सेंट लुईसजवळच्या बॉब चँडलर नावाच्या माणसाने सत्तरच्या दशकात आपल्या फोर्ड एफ-२५० पिकअपला मोठमोठी चाकं लावत नेली, तिचं नाव पडलं 'बिगफूट', आणि १९८१मध्ये त्याने ती भंगार मोटारींवरून चालवून त्यांचा चेंदामेंदा केला. लोक खुळावले. मॉन्स्टर ट्रक नावाचा सगळा तमाशा तिथून सुरू झाला. तर ज्या ट्रकचा आजोबा दुसऱ्यांच्या गाड्या चिरडून प्रसिद्ध झाला, त्या ट्रकला आज सिलिका जेलच्या पुड्या घालून कपाटात ठेवतात. यावर हसू येत नसेल तर तुम्ही संग्राहक आहात.

आता त्यांचा मुख्य मुद्दा घेऊ, कारण तो अगदीच फालतू नाही. ते म्हणतात, वस्तू मर्यादित आहेत. चालवली की झिजते, आपटली की मोडते. जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं, त्यामुळे आज मोडलेला भाग उद्या कुठून आणणार? म्हणून चालवू नका.

ऐकायला बरोबर वाटतं. पण यात एक गृहीतक लपलंय, की न चालवलेली वस्तू आहे तशी राहते. ती राहत नाही. माझ्याच ट्रकचं उदाहरण देते. माझ्या मामाने तो १९८८मध्ये मस्कतहून आणला. तो तिथे नोकरीला होता आणि दर दोन वर्षांनी येताना सगळ्यांसाठी काहीतरी आणायचा. बाकीच्यांना साबण, सेंट आणि टेपरेकॉर्डर, आम्हा भाचरांना एकत्र एक ट्रक. गॅलरीत चटई टाकून आम्ही तो चार दिवसांत जोडला. तीन-चार वर्षं चाळीच्या आवारात तो धावला. मग सेलचा पॅक मेला, तसा दुसरा आमच्या गावात मिळेना, आणि ट्रक माळ्यावर गेला. सत्तावीस वर्षं. कोणी हात लावला नाही. संग्राहकांच्या भाषेत, आदर्श परिस्थिती.

२०१९मध्ये खाली काढला तेव्हा काय होतं ते ऐका. गिअरबॉक्समधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, तपकिरी, चाक हाताने फिरवायला जोर लागत होता. टायर ज्या बाजूवर उभे होते तिथे चपटे झालेले आणि कडेला बारीक भेगा. सेलच्या पॅकभोवती पांढरी पावडर साचलेली आणि वायरीचं तांबं आतून काळं पडलेलं. रिमोटमध्ये कोणीतरी विसरलेले आठ पेन्सिल सेल फुटून त्यांच्या स्प्रिंगांवर हिरवा-पांढरा थर चढलेला. स्पीड कंट्रोलरचे तांब्याचे पट्टे जुन्या नाण्यांसारखे काळे. बॉडीचा पांढरा रंग चहात बुडवल्यासारखा. यातलं एकही नुकसान चिखलाने केलेलं नव्हतं. चिखलात धावताना झालेलं सगळं नुकसान म्हणजे बंपरला एक चीर आणि तळाला ओरखडे. बाकी सगळं आरामाने केलं.

रबर, ग्रीस, तांबं आणि सेल यांना कपाट म्हणजे काय ते कळत नाही. ज्या ट्रकांत तेलाचे शॉक असतात त्यांच्यातल्या रबरी ओ-रिंग हालचाल नसेल तर कोरड्या पडतात, आणि मग एके दिवशी तेल कपाटाच्या काचेवर. जो माणूस दर महिन्याला ट्रक चालवतो त्याला हे सगळं वेळेवर दिसतं, कारण ट्रक तक्रार करतो. आवाज बदलतो, एका बाजूला ओढतो, तापतो. कपाटातला ट्रक तक्रार करत नाही. म्हणून मालकाला वाटतं तो ठणठणीत आहे.

आणि देखभाल ही काही गूढ विद्या नाही, हे इथे सविस्तर सांगते, कारण या लोकांनी तिचा असा काही देव्हारा केलाय की नव्या माणसाला वाटावं, हात लावायलाच डिप्लोमा लागतो.

फुटलेल्या सेलचा थर अल्कली असतो. लिंबू पिळा. कापसाच्या बोळ्याने लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावा, फसफसून थर सुटेल, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. माझ्या रिमोटच्या आठांपैकी सहा स्प्रिंगा अशा परत आल्या. दोन कापून नव्या लावल्या, डाग द्यायला बंब लागत नाही, पंचवीस वॅटची सोल्डरिंग गन पुरते. जुना निकेल-कॅडमियम पॅक मात्र कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, कॅडमियम विषारी असतं. तो बॅटरी गोळा करणाऱ्यांकडेच द्यायचा. त्याजागी आज निकेल-मेटल हायड्राइडचा ७.२ व्होल्टचा पॅक सरळ बसतो.

स्क्रू उघडताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हे जपानी स्क्रू आहेत. त्यांच्या डोक्यावरची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा किंचित वेगळी असते. आपला स्क्रू ड्रायव्हर बसल्यासारखा वाटतो, मग निसटतो, आणि दोन निसटण्यांत फुलीची वाटी होते. जपानी मापाचा, जेआयएस लिहिलेला एक ड्रायव्हर विकत घ्या, आयुष्यभर पुरेल. आणि स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. हो, उलटा. प्लास्टिकमध्ये त्याने स्वतःच आटे पाडलेले असतात. उलटं फिरवताना एका जागी 'टिक' करून तो त्या जुन्या आट्यात उतरतो, मग सुलटा पिळा. हे केलं नाही तर दरवेळी नवे आटे पडतात आणि पाचव्या खेपेला भोक पोकळ होतं. चाळीस वर्षं जुना ट्रक आणि भुगा यांच्यात कधीकधी एवढ्या एका 'टिक'चाच फरक असतो.

स्पीड कंट्रोलर हा या जुन्या ट्रकांचा सगळ्यात बदनाम आणि माझा सगळ्यात लाडका अवयव. आजच्या गाड्यांत तिथे एक काळी इलेक्ट्रॉनिक डबी असते, सीलबंद. तेव्हा एक छोटी सर्व्हो मोटार एक दांडी फिरवायची, दांडीला धातूचा ब्रश, तो तांब्याच्या पट्ट्यांवर घासत जायचा. पहिल्या पट्ट्यावर वीज रेझिस्टरमधून वळसा घालून मोटारीकडे जाते, म्हणून ट्रक हळू. शेवटच्या पट्ट्यावर थेट, म्हणून सुसाट. हळू चालवताना उरलेली वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते, त्यामुळे बराच वेळ रांगत ठेवलं तर तो चटका बसेल इतका तापतो. हे सगळं डोळ्यांना दिसतं! माझ्या भाचीला विजेचा रोध म्हणजे काय हे सातवीच्या पुस्तकाने नाही, त्या तापलेल्या पांढऱ्या कांडीने कळलं. देखभाल म्हणाल तर पट्टे बारीक पॉलिश पेपरने हलके घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ब्रशचा ताण बघा. फक्त एक पथ्य: असल्या कंट्रोलरला लिथियम-पॉलिमर बॅटरी जोडू नका. बॅटरी किती उतरली हे त्याला कळत नाही, तो तिला मरेपर्यंत पिळेल, आणि पिळलेली लिथियम बॅटरी पुढच्या चार्जिंगला पेट घेऊ शकते.

बाकी कामं रटाळ आहेत आणि मी ती एका वाक्यात उरकते: चाकांतल्या प्लास्टिकच्या बुशा काढून छोटे बॉल बेअरिंग घाला, जुनं ग्रीस टूथब्रशने पूर्ण काढून नवं थोडंसंच लावा, आणि धावून आल्यावर माती वाळू द्या मगच ब्रशने झाडा, नळाखाली धरू नका.

एवढं झालं की ट्रक चालतो. यात कुठे मंत्रोच्चार ऐकू आले?

आता या मंडळींच्या दुसऱ्या, जास्त चीड आणणाऱ्या सवयीकडे येते. ती म्हणजे 'ओरिजिनल'चं सोवळं. झालं असं की तामियाने हे जुने ट्रक पुन्हा काढायला सुरुवात केली. 'फ्रॉग' २००५मध्ये परत आली, सँड स्कॉर्चर २०१०मध्ये, ब्रूझर २०१२मध्ये, मॉन्स्टर बीटल २०१५मध्ये, माझा ब्लॅकफूट २०१६मध्ये. या पुनरावृत्त्यांना हे लोक अशा स्वरात 'री-री' म्हणतात, जणू कोणीतरी दुधात पाणी घातलंय. तुमच्या जुन्या ट्रकला नव्या आवृत्तीचा एक भाग लावला तरी विटाळ. विक्रीच्या जाहिरातीत लिहावं लागतं, 'पुढची आर्म री-री आहे', कबुलीजबाबासारखं.

मला विचाराल तर पुनरावृत्ती ही या छंदात गेल्या वीस वर्षांत झालेली सगळ्यात भली गोष्ट आहे. ब्लॅकफूटची चौकट फ्रॉगकडूनच आलेली, मॉन्स्टर बीटलही त्याच कुटुंबातला. त्यामुळे एक गाडी परत छापली गेली की चौघांचे सुटे भाग जिवंत होतात. शिवाय मूळ डिझाइनमधल्या खोडी त्यांनी दुरुस्त केल्या. जुन्या फ्रॉगमध्ये मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांची टोकं षटकोनी होती. ती झिजून गोल व्हायची आणि मोटार नुसतीच गरगरायची. नव्या आवृत्तीत त्या जागी दुसऱ्या घडणीच्या दांड्या आल्या. शुद्धतावाद्यांना ती षटकोनी झीज हवी आहे. घ्या बापडे. मला चाक फिरायला हवं आहे.

आणि या शुद्धतेच्या मागे शेवटी काय असतं? भाव. सीलबंद जुन्या खोक्याला नव्या आवृत्तीच्या कितीतरी पट किंमत येते, ती 'कोणी उघडलं नाही' याची किंमत. म्हणजे वस्तूचा सगळ्यात मोठा गुण हा की ती वापरली गेली नाही. हे सोन्याच्या बिस्किटाबद्दल मी समजू शकते. पण ज्या खोक्यात मुलांना जोडायला दिलेला ट्रक आहे, ते कधीच कोणी जोडलं नाही याचा अभिमान? मला ते खोकं बघून जेवणाचं आमंत्रण देऊन ताट न वाढलेल्या घरासारखं वाटतं.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही सोडत नाही. जुन्या ब्लॅकफूटमध्ये राक्षसी ब्रशलेस मोटार कोंबून तो ताशी साठ किलोमीटरने पळवायचा, पंधरा मिनिटांत गिअरबॉक्सचे दात पाडायचे, आणि व्हिडिओ टाकायचा. हाही वापर नाही. पण निदान त्यांना गिअरबॉक्स उघडावा तरी लागतो.

क्लॉड बस्टरकडे बघा. त्याचं स्टिअरिंग जन्मापासून ढिलं. चार प्रचंड चाकं एका सर्व्होने वळवायची आणि मध्ये लांबलचक दांड्यांची साखळी. ट्रक डावीकडे वळायचा म्हणजे विनंती अर्ज केल्यासारखा. १९८७पासून आजपर्यंत लोक ते स्टिअरिंग सुधारतायत. कोणी सर्व्हो थेट अ‍ॅक्सलवर बसवतो, कोणी अख्खी चौकट बदलतो. त्या एका खोडीतून अमेरिकेत सुट्या भागांचा छोटा धंदा उभा राहिला. क्लॉड बस्टर इतकी वर्षं टिकला तो कपाटांमुळे नाही. लोक त्याच्यावर वैतागले आणि वैतागून पान्हा हातात घेतला, म्हणून टिकला.

गेल्या पावसाळ्यानंतर मी माझा ट्रक माझ्या भाचीच्या हातात दिला. ती अकरा वर्षांची आहे. याचा व्हिडिओ मी एका ग्रुपवर टाकला आणि गहजब झाला. 'लहान मुलीच्या हातात १९८६चं मॉडेल?' एकाने तर विचारलं, मुलाचा ट्रक आहे का. (हा प्रश्न दुकानांत, मैदानांत, कुरिअरवाल्याकडूनही येतो: 'मुलासाठी घेताय?' नाही हो. मुलगा नाही. ट्रक माझा आहे.)

तिसऱ्याच फेरीला भाचीने तो विटांच्या ढिगावर चढवला, तो तिथून उलटा पडला आणि पुढच्या चाकाची आर्म मोडली. ग्रुपवाल्यांना हेच तर सांगायचं होतं. पण पुढे काय झालं ते त्यांनी ऐकायला हवं. ती रडली नाही, "मावशी, हे कशाने धरलं होतं?" असं विचारलं. आम्ही घरी आलो, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये खणवार ठेवले. नवा भाग मागवला, पण तो यायला तीन आठवडे लागणार होते. मग मोडलेल्या आर्मच्या दोन्ही तुकड्यांत बारीक ड्रिलने भोक पाडलं, आत पितळेची तार घातली आणि अ‍ॅरल्डाइटने जोडली. तो जोड त्यानंतर पाच रविवार टिकला. नवा भाग आला, तरी भाचीने तो लावू दिला नाही. "आपलं तुटेल तेव्हा लावू." 'आपलं' म्हणजे तिने जोडलेलं. आता ती ट्रक धावताना नुसत्या आवाजावरून सांगते की मागचं डावं चाक घासतंय. ही गोष्ट कुठल्या कपाटातून मिळाली असती?

आता तुमच्या हातातल्या वस्तूबद्दल बोलते, ज्यावर तुम्ही हे वाचताय. तिची बॅटरी काढून दाखवा. बहुतेकांना जमणार नाही. ती गोंदाने चिकटवलेली असते आणि मागची काच तापवून सोडवावी लागते. ब्लॅकफूटच्या पुस्तिकेत प्रत्येक भागाला क्रमांक होता आणि तो सुटा मागवता यायचा. मुलांच्या खेळण्यात. १९८६मध्ये. फोनच्या बाबतीत हाच साधा हक्क मिळवायला युरोपीय संघाला कायदा करावा लागला, आणि वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी देण्याची सक्ती तिथे फेब्रुवारी २०२७पासून येणार आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढलं. पोर्टल आहे, सक्ती नाही. फोन कंपनी म्हणते, आत बघू नका, वॉरंटी जाईल. संग्राहक म्हणतो, आत बघू नका, किंमत जाईल. दोघांना हवा असलेला ग्राहक एकच आहे: लांबून बघणारा.

म्हणून मला हा वाद चार हौशी लोकांचा वाटत नाही. उघडून बघायची सवय एका पिढीत मोडली की परत लावणं कठीण असतं. आमच्या लहानपणी प्रत्येक पेठेत रेडिओ दुरुस्त करणारा असायचा, त्याच्या दुकानासमोर उभं राहून आम्ही तासन् तास बघायचो. आज पुण्यात तपकीर गल्लीत अजून सगळं मिळतं, वायर, स्विच, फ्यूज, पण तिथल्या काउंटरवर मी जेव्हा 'दोन ओमचा, दहा वॅटचा रेझिस्टर' मागितला तेव्हा तरुण पोराने विचारलं, "कशाला, नवीन नाही घ्यायचं?" त्याची काय चूक. त्याने आजवर दुरुस्त झालेलं किती बघितलं असेल?

सरकारचाही हात यात आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. निकृष्ट, विषारी रंगाची खेळणी अडवायला हे हवंच होतं, याबद्दल माझं दुमत नाही. पण एक चाळीस वर्षं जुना ट्रक भंगारात जाऊ नये म्हणून मागवलेली प्लास्टिकची आर्म आणि कंटेनर भरून आलेली नवी खेळणी यांना एकाच नजरेने बघणं हे कसलं धोरण? ती आर्म बनवणारा कारखाना चाकणला निघणार नाही, आणि निघावा असं मी म्हणतही नाही. दुरुस्तीसाठी, वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या सुट्या भागांना वेगळं वागवा, एवढंच मागणं आहे. सध्या माझ्या पार्सलमध्ये वस्तूपेक्षा टपाल आणि शुल्क जड असतं, आणि मग लोक दुरुस्तीऐवजी कपाट निवडतात, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

संग्रहालयांशी माझं भांडण नाही. प्रत्येक मॉडेलचा एखादा न उघडलेला नमुना कुठेतरी सार्वजनिक जागी असावा, जिथे कोणालाही जाऊन मोजमाप घेता येईल, फोटो काढता येतील. त्यातून इतरांना भाग बनवता येतात. ज्यांच्याकडे मूळ बॉडी फार नाजूक झाली आहे त्यांनी ती भिंतीवर लावावी आणि चौकटीवर नव्या आवृत्तीची बॉडी घालून चालवावी. मी स्वतः छताचा तडा वाढला तर तेच करणार आहे. पण अंधेरीच्या एखाद्या फ्लॅटमध्ये चौदा ट्रक कुलपात, चौदाही कधी न धावलेले, आणि घरातल्या मुलांना 'हात लावायचा नाही' ही ताकीद, याला कोणी जतन म्हणू नये. ती साठेबाजी आहे.

तर कपाटवाल्यांनो, या रविवारी एवढं करा. रिमोट उघडा आणि आतले सेल बघा. तुम्ही 'मिंट' म्हणून विकत घेतलेल्या ट्रकचं मागचं चाक बोटाने फिरवा आणि ग्रीस किती अडवतंय ते बघा. टायर दाबा. मग काय दिसतं ते त्याच ग्रुपवर लिहा, फोटोसकट. आणि ज्यांना आता वाटतंय की आपल्याच्याने हे होणार नाही, त्यांनी ट्रक मला द्या. आमच्याकडे प्लॉट आहे, बर्फाचा ट्रे आहे, आणि एक अकरा वर्षांची मेकॅनिक आहे जिला दुसरा ट्रक हवाय, शर्यत लावायला. खोकं नको. खोकं तुम्हीच ठेवा.